एएम४, एएम५ की इंटेल: मधल्या बजेटचा गेमिंग पीसी जुळवताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र राहूनच जातो: मॉनिटर कोणता आहे, किंवा कोणता घेणार? १०८०पी पडद्यावर एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीवर ३६.९ लाख. काम जवळजवळ पावणेदोन पट होतं आणि ते बहुतेक सगळं ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर पडतं. प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. प्रोसेसर दमतो तो व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम १०८०पीवर दोनशेच्या वर एफपीएसने (सेकंदाला इतक्या फ्रेम) पळवायचे असतात तेव्हा. म्हणून २४ इंची १४४ हर्ट्झवाला (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा घेतलेला) आणि २७ इंची १४४०पीवाला, या दोघांनी एकच यादी घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नाही.

खालचा आढावा मधल्या बजेटपुरता आहे. १०८०पीवर सगळी सेटिंग चढी ठेवून किंवा १४४०पीवर समाधानाने खेळायचंय, त्यांच्यासाठी. ४के पडद्याचं गणितच वेगळं, ते इथे नाही.

आधी रॅम मोजा

वर्षानुवर्षं आपण प्रोसेसर ठरवायचो, मग त्याला चालेल तो बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड), आणि रॅम शेवटी, उरलेल्या पैशांत. २०२५च्या अखेरीस हा क्रम उलटा झाला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स इतक्या उचलल्या की किरकोळ बाजारात रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमला झळ बसलीच, आधीच्या पिढीची डीडीआर४ही सुटली नाही.

त्यामुळे आज पहिला हिशेब घरातला करा. जुन्या पीसीत डीडीआर४च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक असतील, तर तुमच्या हातात एका मोठ्या खर्चाची सूट आहे. ती सूट वापरायची की नव्या प्लॅटफॉर्मसाठी (प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांच्या जोडीसाठी) सोडून द्यायची, इथेच निम्मा निर्णय होतो. नुसता नवेपणा म्हणून ती सूट सोडणं मला पटत नाही.

तीन प्लॅटफॉर्म

पहिला, एएमडीचा रायझेन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड. एएम४ हे सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझेनबरोबर २०१७मध्ये दुकानांत आलं, म्हणजे आता म्हातारं. पण ५६०० मध्ये ६ कोर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, वीज कमी खातो, आणि ६०–१०० एफपीएसवर खेळणाऱ्याला अजूनही कमी पडत नाही. अडचण पुढची आहे. या सॉकेटवर गेमिंगसाठी सगळ्यात उत्तम असलेले ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी (एक्स३डी म्हणजे जादा कॅशेवाले) आता नवे मिळणं अवघड. म्हणजे हा पीसी जसा घ्याल तसाच वापरायचा, पुढे बदलाल ते फक्त कार्ड.

इथे दुकानात एक हमखास गंमत होते. दुकानदार म्हणतो, "५६०० संपलाय, ५५०० घ्या, हजार-दोन हजार वाचतील, सारखाच आहे." सारखा नाही. ५५०० मध्ये एल३ कॅशे निम्मा, १६ एमबी, आणि तो पीसीआय एक्स्प्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली वाट) ३.० वरच थांबतो. बोर्ड बी५५० असला तरी कार्डाला ४.०चा वेग मिळत नाही. ५६००जीचंही तेच. ही बाब किरकोळ वाटते, पण कार्डाकडे आलो की ती महागात का पडते ते दिसेल.

दुसरा, इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ. जानेवारी २०२२चा, ६ कोर, १२ थ्रेड, गेममध्ये ५६००च्या अगदी शेजारी. याची खरी ताकद बोर्डात आहे. एलजीए१७०० सॉकेटचे बी६६० आणि बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे जुन्या स्टिक इथेही चालतात. डीडीआर४वाल्या बोर्डाच्या नावात बहुधा डी४ असं असतं. खोक्यावर ते वाचूनच पैसे द्या, कारण दोन्हींची खाच वेगळी, एकाची स्टिक दुसऱ्यात बसतच नाही. एच६१० हा सगळ्यात स्वस्त बोर्ड मात्र रॅमच्या दोनच जागा देतो, आणि पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा झाला तर तो भार पेलणारी वीजव्यवस्था त्यातल्या अनेकांत नसते.

पुढे चढायचं म्हटलं तर याच सॉकेटवर १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. तिथे सावध राहा. त्या पिढ्यांतल्या ताकदवान प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू बिघाड होण्याचं प्रकरण २०२४मध्ये गाजलं. इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२वी पिढी यात नाही. कुणी वापरलेला आय९ स्वस्तात देऊ करत असेल, तर तो आधी कसा आणि कुठल्या बायोसवर (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालला, हे त्यालाही धड सांगता येणार नाही. मी असा सौदा करणार नाही.

तिसरा, रायझेन ५ ७६०० आणि बी६५०, सोबत डीडीआर५. एएम५ हे त्याचं सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आलं आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही ते चालवू असं एएमडीने सांगितलंय. आज ७६०० टाका, तीन वर्षांनी तोच बोर्ड ठेवून वरचा एक्स३डी बसवा, हा रस्ता तिघांपैकी फक्त इथेच खुला आहे. चढ्या एफपीएसच्या गेममध्ये तो ५६०० आणि १२४००एफच्या ठळकपणे पुढे जातो. खोक्यात कूलर येतो. आवाज करतो, पण चालतो.

याचा एक फायदा फारसं कुणी मोजत नाही. ७६०० मध्ये छोटासा का होईना, ग्राफिक्स भाग आहे. ५६०० मध्ये नाही आणि १२४००एफच्या नावातला एफ तेच सांगतो. कार्ड बिघडलं, सर्व्हिस सेंटरला गेलं आणि तीन-चार आठवडे परत आलं नाही, तर त्या दोघांवर पडदा काळाच राहतो. ७६०० वर गेम चालणार नाहीत, पण कॉलेजचं सबमिशन, बँकेचं काम, सिनेमा, सगळं चालू राहतं. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर याला मी बरंच वजन देतो. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात हीच गोष्ट कापलेली आहे.

एएम५ची एक सवय आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा चालू केल्यावर तो रॅमची जुळवणी करत काही मिनिटं काळा पडदा दाखवतो. घाबरून बटण दाबू नका, चहा घ्या. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० वेगाची म्हणून घेतलेली रॅम त्याहून बऱ्याच कमी वेगाने चालत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

कार्ड, म्हणजे खरे पैसे

इथे चार उमेदवार आहेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० (८ जीबी, १४५ वॉट), त्यांचंच आरटीएक्स ५०६० टीआय (८ किंवा १६ जीबी, १८० वॉट), एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी (८ किंवा १६ जीबी, १६० वॉटच्या आसपास) आणि इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी, १९० वॉट). अमेरिकेतल्या जाहीर किमती आल्या तेव्हा ५०६०ची २९९, ५०६० टीआयची ३७९ आणि ४२९, ९०६० एक्सटीची २९९ आणि ३४९, आणि बी५८०ची २४९ डॉलर अशा होत्या. आपल्याकडचे भाव रोज हलतात, म्हणून या आकड्यांकडे दोन कार्डांमधलं अंतर कळण्यापुरतंच बघा.

माझं मत आधीच सांगतो: आज नवं कार्ड पाच वर्षांसाठी घेताय तर ८ जीबी घेऊ नका. ९०६० एक्सटीच्या दोन रूपांत जाहीर फरक ५० डॉलरचा होता आणि त्या ५० डॉलरइतका उपयोगाचा खर्च अख्ख्या यादीत दुसरा सापडणार नाही.

कारण असं. गेममधलं टेक्स्चर वगैरे सगळं कार्डाच्या मेमरीत राहतं. ५०६० मध्ये ही मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. ८ जीबी भरले की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करू लागतो. ५०६० आणि ५०६० टीआय या कार्डांना त्या वाटेच्या आठच लेन आहेत. नव्या बोर्डावर ते खपून जातं, पण जुन्या बी४५० बोर्डावर किंवा त्या 'सारख्याच' ५५०० प्रोसेसरवर ही वाट ३.०ची होते आणि वेग उरतो सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कुठे ४४८ आणि कुठे ८! सरासरी एफपीएसचा आकडा तेव्हाही बरा दिसू शकतो, पण वळणावर गेम अडखळतो, नाहीतर भिंतींचं टेक्स्चर धूसर होऊन बसतं. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते कार्ड कमी रडतं. जुना पीसी ठेवून नुसतं कार्ड बदलणाऱ्याने हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा.

मग एनव्हिडिया घ्यायचंच नाही का? घ्या, कारण असेल तर. डीएलएसएस (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याची एनव्हिडियाची युक्ती) जास्त गेममध्ये मिळतं. त्याच कामाचं एएमडीचं एफएसआर ४ चित्राच्या दर्जात जवळ आलंय, पण गेमांची यादी लहान. रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र काढण्यात) एनव्हिडिया अजून पुढे. आणि ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं हेही करणार असाल, तर कुडाला (अशी कामं कार्डावर चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरला) पर्याय नाही. तिथे ५०६० टीआयचं १६ जीबी रूप घ्यावं. ८ जीबीच्या टीआयची शिफारस मात्र मला कुणालाच करता येत नाही. चिप ताकदवान आणि मेमरी अपुरी, म्हणजे ज्या सेटिंगसाठी जास्त पैसे मोजले तिथेच ते अडकणार.

एकाच नावाची ही दोन-दोन रूपं विकण्याची पद्धत खोडसाळ आहे. कोटेशनवर नुसतं '९०६० एक्सटी' लिहिलेलं असेल तर किती जीबी ते लिहून मागा.

बी५८० कागदावर लोभस आहे, सगळ्यात कमी किमतीत १२ जीबी. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतोच, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. ५६०० सारख्या प्रोसेसरसोबत काही गेममध्ये ते अपेक्षेपेक्षा मागे पडतं. म्हणजे स्वस्त कार्डाला महाग प्रोसेसर हवा! ७६०० सोबत विचार करण्यासारखं, ५६०० सोबत नको.

जुन्या बाजारातल्या जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५८०चा मोह होत असेल तर एवढंच बघा: डूम: द डार्क एजेस सारखे गेम आता हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत, आणि या दोन्ही कार्डांत ते नाही. नुसतं व्हॅलोरंट खेळणार असाल तर भाग वेगळा.

बाकीचं

एसएसडी एक टीबीची एनव्हीएमई घ्या. जेन३ (सेकंदाला सुमारे ३५०० एमबी) आणि जेन४ (७००० एमबीपर्यंत) यांतला फरक गेम खेळताना जाणवत नाही. भाव सारखा असेल तर जेन४. लिक्विड कूलर या प्रोसेसरांना लागत नाही, ते पैसे कार्डात घाला. लाइटिंग तुमची हौस.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र कॅबिनेटसोबत आलेला वापरू नका. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा एसएमपीएस या सगळ्या जोड्यांना पुरतो. पुढे मोठं कार्ड मनात असेल तर ६५० किंवा ७५०. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत सांगतो, आतल्या सुट्या भागांचा दर्जा सांगत नाही.

लाइट जाते तिथे यूपीएसचा हिशेब करा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. कार्ड १६०, प्रोसेसर ऐंशी-नव्वद, बाकी पन्नास-साठ, त्यात मॉनिटर. गेम चालू असताना लाइट गेली तर तो काठावर येतो आणि पीसी धाडकन बंद पडू शकतो. १००० व्हीए घ्या.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्यांनी कॅबिनेट समोरून जाळीचंच घ्यावं. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं, आणि समोर काच असलेल्या देखण्या कॅबिनेटला मे महिन्यात श्वास घ्यायला वाटच नसते. धूळ जास्त बसेल, ती ब्लोअरने काढता येते.

कुणी काय घ्यावं

घरात डीडीआर४ आहे आणि पडदा १४४०पी किंवा साधा ६०–७५ हर्ट्झचा: ५६०० किंवा १२४००एफ, जो बोर्डासकट स्वस्त मिळेल तो, आणि वाचलेल्या पैशांतून ९०६० एक्सटी १६ जीबी. यात मला जराही शंका नाही.

सगळंच नव्याने घ्यायचंय, रॅमसुद्धा: ७६०० आणि बी६५०. डीडीआर४ही महागली असताना वाट संपलेल्या प्लॅटफॉर्मसाठी नवी रॅम विकत घेणं पटत नाही. ३२ जीबी परवडत नसेल तर १६वर सुरुवात करा, पण त्यासाठी कार्ड ८ जीबीवर आणू नका. रॅम नंतर वाढवता येते, कार्डाची मेमरी येत नाही.

१०८०पीवर स्पर्धात्मक गेम आणि १८० हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर: ७६०० हवाच. इथे मात्र कार्डावर हात आखडता घेतला तरी चालेल; ५०६०चं ८ जीबी ज्यांना पुरेल असे खेळाडू हेच.

अमेरिकेतून येणाऱ्या भावाकडून कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात लागू होते का ते बघा, अनेकांची होत नाही. आणि दुकानदार "बिल नको असेल तर १८ टक्के सोडतो" म्हणाला, तर नको म्हणा. कार्ड, बोर्ड, एसएमपीएस या तिघांचे सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथल्या तिथे ताडून बघा.