प्लेअरच्या हातून मुख्य आवाज काढून घेतला : काही महिन्यांच्या वापरानंतर

मृगाच्या सुमारास मंदिरातल्या लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली होती. आता कापूस वेचणीला आला तरी ती चोख काम करते आहे, म्हणून हे लिहितो.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीच्या बाजूला. सामुदायिक प्रार्थना झाली की मंदिरातल्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर भजनं लावतो, कधी शेतीचे व्हिडिओ. लॅपटॉपची वायर मशीनला (ॲम्प्लिफायरला) आणि मशीनवरून भोंगा. त्रास असा होता, की प्लेअरमधली आवाजाची पट्टी १०० वर नेली की लॅपटॉपचा मुख्य आवाजही १०० वर जायचा आणि भोंगा एकदम कडाडायचा. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया कानावर हात ठेवायच्या, ‘अरे बाप्पा, कमी कर ना!’ प्रार्थनेनंतरच्या शांततेत हे फार वाईट वाटायचं.

प्लेअर बदलून हे जात नाही. मूळ आहे पल्सऑडिओच्या, म्हणजे लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘फ्लॅट व्हॉल्यूम’ पद्धतीत. त्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचं ॲप जिथे असेल तिथेच मुख्य आवाज येऊन बसतो. ॲपनं पट्टी वर नेली की मुख्य पट्टी तिच्यामागे जाते. ही पद्धत बंद केली की ॲपचा आवाज मुख्य आवाजाच्या आतच राहतो : मुख्य ५० आणि प्लेअर ५० असेल तर मिळतो २५ इतका.

त्यासाठी होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरात ‘पल्स’ आणि त्यात ‘डीमन.कॉन्फ’ ही फाइल लागते. नसेल तर बनवायची. तिच्यात ‘फ्लॅट-व्हॉल्यूम्स = नो’ एवढी ओळ इंग्रजी अक्षरांत लिहायची. पूर्ण सिस्टीमच्या फाइलमध्ये बदल करणार असाल तर ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढायला विसरू नका, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही. मग लॉगआउट करून परत आत यायचं.

तेव्हापासून प्लेअर कायम १०० वर, मशीनचं बटण एका खुणेवर, आणि कमी-जास्त फक्त लॅपटॉपच्या कीवरून. लाइन जाऊन लॅपटॉप बंद पडला, परत सुरू केला, तरी सेटिंग जागेवर. प्रार्थनेला येणारी शाळेतली पोरंही आता बिनधास्त भजन लावतात.

एक अडचण मात्र आली. पट्ट्या दोन झाल्या, त्यामुळे कोणी प्लेअरची पट्टी खाली ओढून ठेवली तर मुख्य आवाज पूर्ण असूनही भोंगा पुटपुटतो. तेव्हा ‘पाव्हूकंट्रोल’ हे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारं ॲप उघडून प्लेबॅकमध्ये त्या ॲपची पट्टी पाहायची. आणि प्लेअरमध्ये १०० च्या वर आवाज नेला तर तो फाटतोच, त्याला ही ओळ काही करू शकत नाही.

लिनक्सच्या फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) या आवृत्त्यांपासून पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलं आहे. तुमच्याकडे ते असेल तर ही फाइल वाचलीच जात नाही. आधी आपल्याकडे काय चालतं ते बघा, मगच हात लावा.