दोन वर्षांचं पोर आणि सोळा पाहुणे: जोतिबा बरा की वाडी-खिद्रापूर?

दिवाळी झाली की आमच्याकडं कोल्हापुरात पाहुणे उतरतात. पुण्याची आत्या, बेळगावचे काका-काकू, मुंबईचे दोन चुलतभाऊ आणि त्यांचं बिऱ्हाड. यंदा त्यात दोन वर्षांची एक नात होती, आणि सगळं वेळापत्रक तिच्या झोपेभोवती फिरलं. पहिल्या दिवशी अंबाबाई, यावर कुणाचं दुमत नसतं. भांडण होतं दुसऱ्या दिवसावरून. आत्या म्हणते जोतिबा, काका म्हणतात नरसोबाची वाडी आणि जमलं तर खिद्रापूर. दोन्ही दिवस आम्ही लहान मुलांसकट करून बघितलेत, म्हणून लिहितोय.

आधी अंबाबाईचं थोडक्यात. सकाळी सहा-साडेसहाला जा. दहानंतर रांग वाढते, ऊन चढलं की आवारातली फरशी तापते आणि अनवाणी पोर कडेवरून खाली उतरत नाही. बाबागाडी घरीच ठेवा, जुन्या ओढणीची झोळी बरी. म्हातारी माणसं गाभाऱ्याच्या रांगेत लागू देत, बाळवाल्यांनी मुखदर्शन घ्यावं. खांद्यावरच्या पोराला तिथूनच देवी नीट दिसते. रांगेत त्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. मोठ्या मुलांना मात्र मूर्ती लपवल्याची गोष्ट सांगाच. मोगलाईच्या धामधुमीत देवीची मूर्ती एका पुजाऱ्याच्या घरी दडवलेली होती, आणि 1715 मध्ये करवीरकर संभाजीराजांच्या काळात ती पुन्हा मंदिरात बसवली गेली. ‘देवी लपली होती?’ हा प्रश्न दिवसभर पुरतो. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना येत असाल तर किरणोत्सवाची गर्दी धरून चाला. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ते बघायला सगळं गाव लोटतं. त्या संध्याकाळी बाळ आजीजवळ घरी राहिलेलं बरं.

आता मुख्य प्रश्न.

जोतिबा शहरापासून साधारण 18 किलोमीटर, म्हणजे अंतराच्या हिशेबात तोच जिंकतो. पण शेवटचा घाट वळणावळणाचा आहे आणि दूध पिऊन निघालेलं पोर तिथं हमखास ओकतं. आमचं ओकलं. दूध निघायच्या तासभर आधी द्या. गाडी लावली की देवळाकडं पायऱ्या उतरत जायचं. दोन्ही बाजूंना खोबरं, नारळ, गुलालाची दुकानं. उतरताना मजा वाटते, परत चढताना कडेवर बारा किलोचं झोपलेलं पोर असलं की काकांचे गुडघे आणि तुमची कंबर एकाच वेळी बोलू लागतात. आवारात तीन देवळं शेजारी-शेजारी आहेत: केदारनाथ (म्हणजेच जोतिबा), केदारेश्वर, रामलिंग. केदारनाथाचं आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे दैवत. इतिहास आहे, पण तो निवांत बघायला मिळत नाही, कारण हवेत गुलाल असतो. ‘चांगभलं’चा गजर झाला की मूठभर गुलाल कुठून तरी येतोच, आणि तो पोराच्या डोळ्यांत जातो. मोठ्यांना तो प्रसाद, पोराला ती शिक्षा. ओलं फडकं हाताशी ठेवा, पांढरे कपडे घालू नका. रविवार देवाचा वार, म्हणून आत्याला रविवारच हवा असतो आणि म्हणूनच तो टाळावा. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात तेव्हा तर लहान मूल घेऊन जायचा विचारही नको.

दुसरा पर्याय लांबचा. नरसोबाची वाडी साधारण 45 किलोमीटर, तिथून खिद्रापूर आणखी 15-20. ऐकायला जड वाटतं. पण दोन वर्षांच्या पोराला दीड तासाची सपाट रस्त्यावरची गाडी म्हणजे झोप, आणि झोपून उठलेलं पोर म्हणजे निम्मी लढाई जिंकली. शिरोळच्या बाजूला दोन्हीकडं ऊस, मधेच ऊसगाडी आडवी आली की पाच मिनिटं बैल बघण्यात जातात.

वाडीत नृसिंह सरस्वती बारा वर्षं राहिले, असं परंपरा सांगते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली पादुका. देऊळ विजापूरच्या आदिलशहानं बांधलं, त्याच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून, ही गोष्टही इथं सगळे सांगतात. एक सावधगिरी: देऊळ घाटावरच आहे आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. इथं पोराचा हात एका माणसानं धरायचा आणि त्या माणसानं दुसरं काही करायचं नाही, फोटोही नाही. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जा. बाहेर पडताना कवठाची बर्फी घ्याच, पण पोराला चव पुरे.

आणि मग खिद्रापूर. माझं मत लपवत नाही: लहान मुलासकट फिरण्यासारखं या जिल्ह्यातलं सगळ्यांत चांगलं जुनं देऊळ हेच. कोपेश्वराचं हे काम शिलाहारांच्या काळातलं, पुढं यादवांनीही हात लावला. देवळाच्या पायथ्याशी दगडी हत्तींची रांग आहे, सगळा भार पाठीवर घेतलेली. ती नेमकी पोराच्या डोळ्यांच्या उंचीला येते. आमची नात एकेका हत्तीला हात लावत सबंध फेरी चालली, स्वतःच्या पायांनी, आणि मोठ्यांना निवांत कोरीवकाम बघता आलं. पुढच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा सोडली आहे. खालच्या दगडावर उताणं झोपून आभाळ बघता येतं, तिनं तेच केलं. आजोबांसाठी वेगळा खुराक: इथं शिवासमोर नंदी नाही. तो सतीबरोबर दक्षाच्या यज्ञाला गेला, म्हणून नदीपलीकडं यडूरला आहे, अशी कथा सांगतात.

पण खिद्रापूरला खाण्यापिण्याची सोय फार थोडी. दूध, पाणी, दहीभात, कपडे बदलायची पिशवी घरूनच न्या. वाडीला महाप्रसाद घेऊन पुढं निघालात तर मोठ्यांचं जेवण तिथंच उरकतं.

म्हणजे आमच्या घरात निकाल असा लागला: गाडीत तीनपेक्षा जास्त जण गुडघेदुखीचे असतील किंवा पोर चालायला लागलं असेल, तर वाडी-खिद्रापूर. कुलदैवत जोतिबा असेल, नवस बोललेला असेल, तर मग तुलनेचा प्रश्नच नाही. मंगळवार-बुधवार धरा, सकाळी आठला वर पोचा, अकराला खाली या आणि दुपारी पोराला झोपवून संध्याकाळी कणेरी मठावर न्या. तिथल्या बलुतेदारांच्या पुतळ्यांसमोर ते कुंभाराशी गप्पा मारत बसेल, पण आत बरंच चालावं लागतं हे लक्षात ठेवा.

हे सगळं दिवाळी ते होळीपर्यंतचं गणित. जुलै-ऑगस्टला कृष्णेला पूर आला की वाडीच्या देवळात पाणी शिरतं. हे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला म्हणून लोक जातात खरे, पण कडेवर पोर असताना नदीकडं फिरकू नका. त्या दिवसांत जोतिबा जिंकतो: डोंगर धुक्यात असतो, गर्दी कमी, फरशी गार. फक्त पायऱ्या निसरड्या, तेवढं पोर मधल्या माणसाकडं द्या.