माणच्या मुरमात काय लावाल: वेडेलिया की ऑफिस टाइम?

साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडकडे अंगण झाकायला नर्सरीवाले सर्रास वेडेलिया हा जमिनीवर पसरणारा वेल देतात. पिवळी फुलं बारमाही, सावलीतही चालतो. पण पेरापेराला मुळं फुटतात; कुंपण ओलांडून ओढ्याकाठी गेला की आवरणं मुश्कील. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या 100 उपद्रवी परकीय प्रजातींत तो उगाच नाही! शिवाय मे महिन्यात पाणी तुटलं की माना टाकतो.

माझं मत ऑफिस टाइमला, म्हणजे पोर्टुलाकाला. बोटभर काडी मोडून खोचली की लागते, बारीक मांसल पानांत पाणी साठवते. फुलं उन्हात उमलतात, दुपारनंतर मिटतात. दिवे लागणीला घरी येणाऱ्यांनी रविवारीच बघावीत. कराड-वाळव्याच्या काळ्या रानात मात्र पावसाळ्यात देठ कुजतात. तिथे वाफा उंच करून वाळू मिसळा.