एल्कच्या शिकारीसाठी हलकी सेमी-ऑटो: ब्राउनिंग, बेनेली की रुगर?

अमेरिकेतल्या कोलोराडोत दहा हजार फुटांवर एल्क या मोठ्या हरणाच्या मागे चढायचं आणि हातात सेमी-ऑटोमॅटिकच (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी रायफल) हवी, हे ठरलेलं असेल तर नवी रायफल घेताना माझ्या मते तीनच नावं विचारात घ्यावीत: ब्राउनिंग बार मार्क ३, बेनेली आर१ आणि रुगर एसएफएआर. रेमिंग्टन ७५० वापरलेली स्वस्तात मिळते, पण ती आता बनत नाही आणि जुनी कंपनी २०२० मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. पहिलीच रायफल घेणाऱ्याने सुट्या भागांची ती शोधाशोध मागे लावून घेऊ नये.

आधी वजनाचं बोलू. कॅटलॉगमधला आकडा रिकाम्या रायफलीचा असतो. स्कोप, त्याच्या रिंगा, पट्टा आणि काडतुसांनी भरलेलं मॅगझिन धरलं की दीड-पावणेदोन पौंड सहज वाढतात. म्हणजे सात पौंडांची म्हणून घेतलेली रायफल डोंगरात साडेआठ पौंडांची होते. बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल, इथे हलकी पडते, कारण तिच्यात गॅसचा पिस्टन आणि त्याच्याबरोबरची यंत्रणा नसते. हे मान्य करूनही सेमी-ऑटो घेण्याचं माझ्या लेखी एकच सबळ कारण आहे: जखमी जनावरावर नजर न हटवता, खांदा न हलवता मारता येणारी दुसरी गोळी. भराभर गोळ्या झाडण्याची हौस असेल तर ती रेंजवर भागवावी, जनावरावर नाही.

रुगर एसएफएआर २०२२ मध्ये आली. तिने .३०८चं (०.३०८ इंच व्यासाच्या गोळीचं) काडतूस जवळजवळ एआर-१५ या लहान काडतुसाच्या रायफलीच्या आकारात बसवलं. याच काडतुसाच्या नेहमीच्या एआर-१० घराण्यातल्या रायफली बऱ्याचदा आठ-नऊ पौंडांच्या असतात. ही १६ इंची नळीसह ६.८ पौंड म्हणजे साधारण ३.१ किलो भरते. यंत्रणा चालवणाऱ्या गॅसचं प्रमाण चार टप्प्यांत बदलता येतं, त्यामुळे आवाज कमी करणारा सप्रेसर लावणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण आखूड नळीत .३०८ची गोळी सेकंदाला दीडशे-दोनशे फुटांचा वेग गमावते. नळीच्या तोंडावर गॅस बाजूला वळवणारा ब्रेक असल्याने खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, आवाज मात्र कानठळ्या बसवतो. कानाला संरक्षण हवंच. या नळीने एल्कवर अडीचशे यार्डांपलीकडे मी गोळी झाडणार नाही. २० इंची नळी घेतली तर वजन ७.३ पौंडांवर जातं आणि हलकेपणाचा फायदा बराचसा संपतो. शिवाय पिस्तुलासारखी मूठ आणि खाली आलेलं मॅगझिन चढताना पाठीला टोचत राहतं.

बेनेली आर१ ७.१ ते ७.३ पौंडांची आहे. अमेरिकी मरीन कोरच्या एम१०१४ शॉटगनसाठी विकसित झालेली गॅस यंत्रणाच हिच्यात वापरली आहे, आणि ती स्वच्छ चालते. दस्त्यातल्या रबरी पट्ट्या धक्का शोषतात. .३०० विन मॅग किंवा .३३८ अशी जास्त ताकदीची मॅग्नम काडतुसंच हवी आणि खांदा साथ देत नसेल तर हीच घ्या. साध्या काडतुसासाठी मात्र एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

ब्राउनिंग बारची मूळ रचना १९६७ पासून बाजारात आहे. .३०८मध्ये ती पावणेसात पौंडांच्या आसपास आणि थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) या जरा लांब काडतुसात सव्वासातच्या घरात जाते. मॅग्नम त्याहून जड. तिचं मॅगझिन खालच्या बिजागरीच्या झाकणाला अडकलेलं असतं. झाकण उघडलं की मॅगझिन समोर येतं, न काढताच भरता येतं आणि झुडपात पडून हरवत नाही. थंडीने बोटं बधिर झाली की ही सोय फार मोलाची वाटते. डावखुऱ्यांसाठीही आवृत्ती आहे. चाप मात्र जड आहे, आणि नेम चांगल्या बोल्ट-अ‍ॅक्शनइतका बारीक लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. तीनशे यार्डांच्या आत एल्कच्या छातीसाठी तो पुरेसा आहे. डोंगरात फिरून शिकार करणाऱ्याला मी थर्टी-ऑट-सिक्समधली बारच सुचवेन.

कायदा राज्यागणिक बदलतो. कोलोराडोत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटो रायफलीत चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) धरून सहाच काडतुसं चालतात. २०१३ च्या कायद्याने तिथे १५ पेक्षा जास्त क्षमतेच्या मॅगझिनची विक्रीही बंद केली. सहाच्या मर्यादेमुळे शिकारीला एसएफएआरला पाचचं मॅगझिन घ्यावं लागतं. बार आणि आर१ यांच्या मूळ मॅगझिनांना हा प्रश्नच येत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये सेमी-ऑटोला लहान जनावरांच्या शिकारीसाठी परवानगी दिली, पण मोठ्या जनावरांसाठी नाही. म्हणून आधी राज्य ठरवा, त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा आणि मग दुकानात जा.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर या मनाईला अपवाद मिळतो. त्यामुळे आधी शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग परवाना, मग रायफल, असाच क्रम ठेवा. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. ग्रीनकार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

दुकानात तिन्ही रिकाम्या रायफलींचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे ओढून सोडून पाहा. सेमी-ऑटोचा बोल्ट हळूच हाताने पुढे नेला तर तो पूर्ण बंद न होण्याचा धोका असतो. तो स्प्रिंगच्या जोरावर खटकन बसू द्यावा लागतो, आणि पहाटेच्या शांततेत तो आवाज दूरवर जातो. चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल कोलोराडोत गाडीत ठेवता येत नाही. म्हणून गाडीतून उतरून पुरेसं बाजूला गेल्यावर, पण एल्कच्या चरण्याच्या जागेपासून बऱ्याच अलीकडे, चेंबर भरा, सेफ्टी लावा आणि मगच चढायला लागा.