कलिंगडाच्या मगजाचा पुडा आणि त्यातले माहितीपत्रक

कलिंगडाच्या बिया वाळवून, सोलून विकला जाणारा मगज गेले सहा आठवडे मी रोज साधारण 20 ग्रॅम या प्रमाणात खाते आहे. 500 ग्रॅमचा एक पुडा संपला असून दुसरा निम्म्याहून अधिक झाला आहे. पुड्यासोबत मगजाचे पारंपरिक औषधी उपयोग सांगणारे एक माहितीपत्रकही येते. मगज मला मनापासून आवडला. पत्रकाबद्दल मात्र गंभीर तक्रार आहे, कारण ते वाचून लोक औषध समजून हा मगज घेतील.

आधी वस्तूविषयी. बिया स्वच्छ सोललेल्या, एकसारख्या पांढऱ्या आणि चावताना हलका गोडसर स्वाद देणाऱ्या आहेत. मंद आचेवर दोनतीन मिनिटे परतल्या की त्या अधिक खमंग लागतात. 20 ग्रॅम मगजातून सुमारे 110 कॅलरी, साडेपाच ग्रॅमच्या वर प्रथिने आणि जवळपास 100 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. प्रौढ व्यक्तीच्या मॅग्नेशियमच्या रोजच्या गरजेचा हा पाव हिस्सा होतो, आणि मूठभर बियांसाठी तो खरोखरच लक्षणीय आहे. मात्र या बियांचे जवळपास निम्मे वजन तेलाचे असते, आणि त्या तेलात लवकर खवट होणारे लिनोलिक आम्ल भरपूर असते. असे असूनही उत्पादकाने पारदर्शक पिशवी वापरली आहे. दुसऱ्या पुड्याच्या तळाशी खवट वास येणाऱ्या बऱ्याच बिया मला निवडून टाकाव्या लागल्या.

आता पत्रक. त्यात लिहिले आहे की मगज शरीरातील पाण्याची तूट भरून काढतो, लायकोपीनमुळे हृदयाचे रक्षण करतो, सिट्रुलिनमुळे रक्तदाब उतरवतो आणि मूतखडा विरघळवतो. यातील पहिली तीन विधाने कलिंगडाविषयी आहेत, मगजाविषयी नाहीत. पाणी गरात असते, आणि ते गराच्या वजनाच्या 91 टक्क्यांच्या आसपास भरते. वाळवलेल्या बीमध्ये ते नावापुरतेच उरते. लायकोपीन हे गराला लाल रंग देणारे द्रव्य आहे, त्यामुळे पांढऱ्या मगजात ते शोधण्यात अर्थ नाही. सिट्रुलिन हे अमिनो आम्ल 1914 मध्ये जपानी संशोधकांनी कलिंगडाच्याच रसातून वेगळे केले आणि कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले, परंतु ते प्रामुख्याने गरात आणि सालीलगतच्या पांढऱ्या भागात आढळते. शरीरात त्याचे आर्जिनीन होते, आर्जिनीनपासून रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनते, आणि लहान चाचण्यांमध्ये रक्तदाब थोडासा उतरल्याचेही दिसले आहे. मगजात आर्जिनीन चांगल्या प्रमाणात असते, एवढे खरे सांगितले असते तरी चालले असते. मात्र त्या चाचण्या मगजावर झालेल्या नव्हत्या, आणि रक्तदाबाची गोळी बंद करण्याइतका आधार त्यांतून मिळत नाही.

मला अधिक खटकते ते हे, की पत्रक ज्या परंपरेचा दाखला देते, तिने फळाचे भाग कधीच असे एकत्र केले नव्हते. उन्हाने तापलेल्या मुलांच्या डोक्यावर कलिंगडाची ओली, गार साल ठेवण्याचा उपाय प्राचीन ग्रीक वैद्यकात होता. चिनी वैद्यकात उष्म्याच्या तापावर रस देत, तर घशाच्या आणि तोंडातल्या व्रणांसाठी फळात खनिज क्षार भरून बाहेर फुटणारी पांढरी बुकटी वापरत. बियांचे स्थान वेगळे होते. युनानी वैद्यकातील चार मगजांत कलिंगड, खरबूज, काकडी आणि भोपळा यांच्या बिया येतात, आणि जुन्या युरोपीय औषधशाळांमध्येही याच गटातील फळांच्या बिया ‘चार थंड बिया’ म्हणून एकत्र ठेवल्या जात. दोन्हीकडे त्या कुटून पाण्यात घोटून देत असत, लघवीची जळजळ शमावी आणि ती मोकळी व्हावी म्हणून. पत्रकात घोटण्याची ही रीत एका ओळीतसुद्धा नाही. मी ती करून पाहिली: दोन चमचे मगज रात्री भिजवून, सकाळी वाटून, पेलाभर पाण्यात घोटून प्यायले. उन्हाळी लागली होती तेव्हा बरे वाटले, पण त्या दिवशी मी एरवीपेक्षा पुष्कळ जास्त पाणीही प्यायले होते, तेव्हा श्रेय नेमके कोणाला द्यावे हे मी सांगू शकत नाही.

मूतखड्याचा दावा मात्र काढूनच टाकायला हवा. लघवीचे प्रमाण वाढले की नवा खडा होण्याची शक्यता घटते, हे खरे. पण ते काम साधे पाणीही करते, आणि सर्वांत जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा बियांनी विरघळतो असे सिद्ध झालेले नाही. शिवाय 100 ग्रॅम मगजात 600 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम आणि 700 मिलिग्रॅमहून अधिक फॉस्फरस असतो. मूत्रपिंडे अशक्त झालेल्या व्यक्तीला हे दोन्ही मोजूनमापून घ्यावे लागतात, आणि ‘मूत्रपिंडांसाठी हितकर’ असे ठळक छापलेला पुडा नेमकी हीच व्यक्ती उचलण्याचा संभव अधिक. तिच्यासाठी डॉक्टरांना विचारण्याची सूचना संपूर्ण पत्रकात कुठेही नाही.

खाण्यासाठी म्हणून हा मगज मी पुन्हा घेईन, पण लहान पुडा घेईन, आणि घरी आणल्याबरोबर तो हवाबंद डब्यात घालून थंड, अंधाऱ्या जागी ठेवेन.