डिक्शनरी घेताना आधी ‘थँकफुली’ काढा

शिकवणीला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, सर, कोणती डिक्शनरी घेऊ? मी सांगतो, दुकानात उभ्या उभ्या ‘थँकफुली’ काढून बघा. एका खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात त्यापुढे फक्त ‘कृतज्ञतापूर्वक’ आहे. मग अपघाताच्या बातमीचं भाषांतर होतं ‘कृतज्ञतापूर्वक कोणालाही इजा झाली नाही’, आणि पोराचे मार्क जातात.

माझ्या टेबलावर ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ची दहावी आवृत्ती आहे, २०२० ची. तिच्यात सुटकेचा अर्थ पहिला, आभाराचा दुसरा. हे बरोबरच आहे. आज हा शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या तोंडी येतो, तेव्हा कोणी कोणाचे आभार मानत नसतं. वाईट टळलं, एवढंच म्हणायचं असतं. आपल्या पेपरातलं ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही’ ते हेच, आणि घरी बोलताना ‘नशीब, कोणाला लागलं नाही’. ‘शी अ‍ॅक्सेप्टेड थँकफुली’मध्ये मात्र खरेच आभार आहेत, कारण तिथे शब्द क्रियापदाला चिकटलाय.

जुन्या वळणाच्या इंग्रजांना हा सुटकेचा वापर खपत नसे. वाक्याच्या तोंडी ‘आशा आहे की’ म्हणून येणाऱ्या ‘होपफुली’वरून तर रणच माजलं होतं, अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तसल्या ‘होपफुली’ला आपल्या स्टाइलबुकात, म्हणजे लेखननियमांच्या पुस्तकात, जागा दिली ती थेट २०१२ मध्ये.

मुळात ऑक्सफर्डचा हा कोश परभाषिकांसाठीच झाला. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवायचे. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला, ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. म्हणून अर्थ साध्या इंग्रजीत आणि सोबत वापराची वाक्यं. ती वाक्यं वाचली नाहीत तर पैसे वाया, हे मी मुलांना बजावतो. ‘मर्सिफुली’ही जाता जाता बघून घ्या. ‘मर्सिफुली शॉर्ट’ भाषण म्हणजे सुदैवाने लवकर आटोपलेलं; गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी उपयोगी पडेल.

ग्रंथ जाडजूड, अक्षर बारीक, दप्तरात रोज न्यायची गोष्ट नाही. मराठी अर्थ तर नाहीतच, त्यामुळे सातवीपर्यंतच्या मुलाला घेऊ नका. दहावीच्या पुढे जरूर घ्या. खर्च नको असेल तर याच कोशाची वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकवते. फक्त मोबाइल हातात दिल्यावर पोरगं डिक्शनरीच बघतंय ना, ते तुम्ही बघा.