टकटक करणारी हार्ड डिस्क: घरी बघायची, दुकानात न्यायची की लॅबला द्यायची?

हार्ड डिस्क हातातून पडते, नाहीतर एक दिवस आपणहून टकटक करायला लागते. माणूस घाबरून वायर काढतो, परत लावतो, मग शेजारच्याच्या लॅपटॉपला लावून बघतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच डिस्क अशा पाच-दहा वेळा चालू-बंद होऊनच आलेल्या असतात. त्यामुळे कुठे न्यायची हे ठरेपर्यंत तिला पुन्हा वीज देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. आपला केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाडीचा, यावरून अंदाज करा. हेड वाकलं की ते तरंगायचं सोडून घासायला लागतं. तबकडीवरचा जो पातळ थर खरवडला जातो, तोच तुमचा डेटा. तो गेला की डेटा परत काढून देणारी जगातली कुठलीही लॅब तो आणू शकत नाही.

घरी करण्यासारखं काम एकाच परिस्थितीत आहे. डिस्क नेहमीसारखी फिरतेय, वेगळा आवाज नाही, संगणक तिचं नाव आणि साइझ बरोबर दाखवतोय, पण फायली उघडताना अडकतंय. हा बहुधा बॅड सेक्टरचा, म्हणजे तबकडीवरच्या नीट वाचता न येणाऱ्या खराब जागांचा त्रास. तेव्हाही रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट त्या डिस्कवर चालवू नका. तेवढ्याच किंवा मोठ्या साइझची नवी डिस्क आणा आणि लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी हुबेहूब प्रत काढा. हे मोफत आहे. ते चांगला भाग आधी उचलतं, अडणारा भाग मागे ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. सॉफ्टवेअरचे सगळे प्रयोग मग त्या प्रतीवर करा. खर्च फक्त नव्या डिस्कचा. प्रत काढताना आवाज बदलला तर तिथेच बंद करा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय मात्र अजिबात नको; बाहेर काढली की तबकडीवर दव धरतं.

चांगल्या दुकानाचं काम म्हणजे वीज आणि सर्किट बोर्ड. एक ताई घरच्या टेबलावरची मोठी एक्स्टर्नल डिस्क घेऊन आल्या होत्या. तिला 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो, घाईत लॅपटॉपचा 19 व्होल्टचा लागला. जळका वास आला आणि सगळं शांत. बोर्डावर यासाठीच एक छोटा संरक्षक डायोड असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवतो. तो काढला, बरोबर अ‍ॅडॅप्टर लावला, डिस्क फिरली आणि संध्याकाळपर्यंत सगळा डेटा दुसरीकडे उतरवला. हे काम लॅबला पाठवलं असतं तर त्यांचे पैसे विनाकारण गेले असते.

पण दुकानदार म्हणाला की ‘सेम मॉडेलचा बोर्ड लावून बघू’, तर विचारा, जुन्या बोर्डावरची रॉम, म्हणजे माहिती साठवणारी छोटी चिप, नव्यावर हलवणार का? गेल्या कित्येक वर्षांतल्या डिस्कमध्ये त्या एका डिस्कपुरत्या जुळणीची माहिती बोर्डावर असते. ती न हलवता केलेली अदलाबदल सहसा चालत नाही. आणि ‘उघडून बघतो’ असं कोणी म्हणालं, तर डिस्क परत घ्या.

टकटक, खरखर किंवा नुसतं बारीक बीप करत न फिरणं, या तिन्ही गोष्टी लॅबच्याच. लॅबची क्लीन रूम (धूळ गाळलेली खोली) क्लास 100 ची, म्हणजे एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण 100 पेक्षा जास्त नसतात. आपल्या खोलीत ते लाखांत असतात. तिथे त्याच मॉडेलच्या डोनर डिस्कची, म्हणजे सुट्या भागांसाठी घेतलेल्या चालू डिस्कची, हेड बसवतात आणि खास यंत्रणेने हळूहळू प्रत काढतात. खर्च हजारो रुपयांत, कधी लाखाच्या घरात जातो. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कचं काम आणखी अवघड.

लॅबमध्ये यश किती, हे डिस्क तिथे पोचण्याआधी तिचं काय केलं यावर फार ठरतं. 2003 मध्ये कोलंबिया यान कोसळलं, ज्यात कल्पना चावला गेल्या. त्यातली 400 एमबीची एक डिस्क पुढे काही महिन्यांनी सापडली, बाहेरून पार जळलेली. तबकड्या शाबूत होत्या, म्हणून 99 टक्के डेटा परत मिळाला. याउलट एका फोटोग्राफरची पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडली, एवढंच. त्याने रात्रभर सॉफ्टवेअर लावून ठेवलं. लॅबने उघडली तेव्हा कोपऱ्यातला पांढरा फिल्टर काळा पडला होता आणि काचेच्या तबकडीवर एक गोल पट्टा इतका साफ खरवडला होता की आरपार दिसत होतं. एका लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

चौथा पर्याय फारसं कोणी सांगत नाही: थांबणं. पैसे आत्ता नसतील तर डिस्क कोरड्या जागी ठेवून द्या. चुंबकीय नोंद काही महिन्यांत पुसली जात नाही. अर्धवट स्वस्त प्रयत्नापेक्षा वर्षभर कपाटात राहिलेली डिस्क बरी. फक्त पुरात भिजलेलीला हा नियम नाही. तिला गंज धरतो, म्हणून तातडीने लॅबला द्या. उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा, नाहीतर आतला गाळ तबकडीवर सुकून चिकटतो.

वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात सहसा दुसरी डिस्क मिळते, जुन्यातला डेटा नाही.

लॅबला आधी विचारा: डिस्क तुम्हीच उघडता की दुसऱ्या शहरात पाठवता? डेटा नाही मिळाला तर डोनर डिस्कचे पैसे वेगळे का? पैसे देण्याआधी फायलींची यादी दाखवाल का? पाठवताना केबल, बाहेरचं कव्हर, बोर्ड सगळं सोबत द्या; वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच माय पासपोर्ट डिस्कमध्ये डेटा तिच्याच बोर्डावरून कूटबद्ध (कुलूपबंद) झालेला असतो. आणि एका चिठ्ठीवर खरं लिहा: कधी पडली, त्यानंतर किती वेळा चालू केली, कोणी उघडली का, आणि कोणता फोल्डर सगळ्यात आधी हवा आहे.